रुळांवरून गेलेली सरहद्द

१६ ऑक्टोबर १९१४. मुंबईच्या गोदीतून सुटलेल्या आगबोटीच्या पोटात तुम्ही पथारी पसरून बसला आहात. अंगावर खाकी, पायांना पट्ट्या, पलटण ११७वी मराठा, पगार महिना ११ रुपये. डावीकडचा गडी संगमेश्वरचा आहे, उजवीकडचा कोरेगावचा. कोरेगावच्या गड्याने समुद्र पहिल्यांदाच पाहिला आहे आणि तो ओकून ओकून आडवा झाला आहे. तुम्ही हवालदारांना विचारता, "कुठं चाललोय आपण, हवालदारसाब?"

"सायबालाच ठावं न्हाई, तर मला कुठनं असंल?"

खरंच ठाऊक नाही. हुकमाचा लिफाफा मोहोरबंद आहे, तो भर समुद्रात उघडला जाणार आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही बोटीत चढलात त्या दिवशी ब्रिटन आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध सुरूच झालेलं नाही. ते जाहीर होईल ५ नोव्हेंबरला. तुम्ही त्याआधीच इराणच्या आखाताच्या वाटेवर आहात.

कारणं बरीच होती, पण एक कारण नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. शत्त अल-अरब नदीच्या मुखाशी आबादान नावाचं बेट आहे. तिथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना आहे. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागलं आहे आणि याच वर्षी लंडनच्या सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले आहेत. तुम्हाला तेल म्हणजे घाण्याचं नाहीतर रॉकेल. त्या तेलासाठी तुम्ही ६ नोव्हेंबरला फाओच्या चिखलात उतरता आणि महिना संपायच्या आत बसऱ्यात पोहोचता.

तुमच्या फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण आहे, खडकीचे बॉम्बे सॅपर्स आहेत, राजपूत, पंजाबी आणि गोरे आहेत. पुण्याचं नाव घेऊन ही फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली, हे आज पुण्यात फार थोड्यांना माहीत असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बसरा राखणं एवढंच मूळचं काम. पण नदीवर एकेक गाव सहज हाती येत गेलं आणि साहेबांना बगदाद दिसू लागलं. १९१५च्या जूनमध्ये अमारा, सप्टेंबरच्या अखेरीस कूत. जनरल टाउनशेंडच्या मागून तुम्ही तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत राहता. रसद मागे पडते, बोटी कमी, दवाखान्याची व्यवस्था त्याहून कमी. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे, खुस्रूच्या त्या प्रचंड जुन्या कमानीच्या सावलीत, तुर्क तुम्हाला अडवतात. तीन दिवसांत फौजेचा फार मोठा भाग पडतो. जखमींना विनास्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणतात, तेव्हा त्यांचं ओरडणं थांबत नाही. मग माघार. ३ डिसेंबरला तुम्ही कूतमध्ये शिरता आणि ७ तारखेला वेढा पडतो.

कूत म्हणजे नदीच्या वळशात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला तुम्ही खणलेले खंदक. पाऊस लागला की खंदकात गुडघाभर पाणी साचतं. रात्री थंडीने बोटं बंदुकीच्या घोड्यावर वाकत नाहीत. गावात हजारो अरब माणसं आहेत, बायकापोरांसह. तीही तुमच्याबरोबर कोंडली गेली आहेत आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नाही.

आता थोडा वेळ खंदक सोडा. तारीख १६ डिसेंबर १९१५, ठिकाण लंडन, डाउनिंग स्ट्रीट. खोली उबदार आहे. मंत्र्यांसमोर मार्क सायक्स नावाचा ३६ वर्षांचा खासदार नकाशा पसरून उभा आहे. त्याला विचारतात, नेमकं काय ठरवायचं म्हणता? तो बोट नकाशावर ठेवतो आणि सांगतो की भूमध्य समुद्राकाठच्या एकर गावाच्या नावातल्या शेवटच्या अक्षरापासून किर्कुकच्या शेवटच्या अक्षरापर्यंत एक रेघ ओढावी. वरचं फ्रान्सला, खालचं आपल्याला. त्या रेघेखाली किती गावं, किती टोळ्या, किती कुरणं येतात, हे त्या खोलीत कुणी मोजत नाही. याच काळात कैरोतला दुसरा ब्रिटिश अधिकारी मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रांतून अरबांच्या स्वतंत्र राज्याचं आश्वासन देतो आहे. एकच जमीन दोघांना कबूल केली जाते आहे, आणि तिच्यासाठी त्या क्षणी कूतच्या चिखलात बसलेले तुम्ही दोन्ही कबुल्यांपासून अनभिज्ञ आहात.

परत कूतला या. एप्रिल १९१६ उजाडला आहे. पीठ मूठभर उरलं आहे. हिरड्या सुजून काळ्या पडल्या आहेत, दात बोटाने हलतात. शेतातलं मिळेल ते रानगवत उपटून भाजी म्हणून शिजवतात आणि त्यातला एखादा विषारी पाला खाऊन माणसं लोळू लागतात. वरून विमानं पिठाची पोती टाकतात. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पोहोचवण्याचा जगातला हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. त्यातली काही पोती नदीत पडतात, काही तुर्कांच्या हद्दीत. गोरे शिपाई कधीचे घोड्याचं मांस खाऊ लागले आहेत. तुम्ही नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने आली, तरी नाही.

सुभेदार ताटली पुढे सरकवतात. "खा, पोरा."

"गावाकडं कळलं तर? भैनीचं लगीन मोडंल, सुभेदारसाब."

"जित्ता ऱ्हायलास तर लगीन बघशील की."

शेवटी तुम्ही खाता. बहुतेकजण खातात, पण तोवर अंगातली ताकद गेलेली असते. खालून तुम्हाला सोडवायला निघालेल्या फौजेतली सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली आणि तरीही ती पोहोचली नाही. लॉरेन्स नावाचा एक तरुण अधिकारी तुर्की सेनापती खलील पाशाला लाच देण्याचा निरोप घेऊन येतो, रक्कम २० लाख पौंडांपर्यंत चढते, खलील नकार देतो. २९ एप्रिलला कूत शरण जातं. सुमारे १३,००० माणसं कैद होतात. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळतो. तुम्हाला पुढचा रस्ता मिळतो.

या रस्त्यावरची गावं नीट ऐका. बगदाद, सामरा, तिकरीत, मोसुल, नुसैबिन, रास अल-ऐन. सामऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे पायी. मे-जूनचं ऊन. बुटांचे तळ गेले आहेत, पायांना चिंध्या गुंडाळल्या आहेत. हगवण लागलेला माणूस रस्त्याकडेला बसतो, तो बसलेलाच राहतो. कोरेगावचा गडी तिकरीतच्या पुढे दिसत नाही. तुम्ही मागे वळून पाहता तर पहारेकऱ्याची काठी पाठीत बसते. तुम्ही बगदादच्या आसपास पाय ओढत असता त्याच सुमारास, १६ मे १९१६ रोजी, लंडनमध्ये सायक्स आणि फ्रान्सचा झॉर्झ-पिको यांच्या गुप्त करारावर पत्रांची देवघेव पुरी होते. कूत पडून १७ दिवस झाले आहेत.

रास अल-ऐनला पोहोचलेल्या कैद्यांच्या हाती फावडी आणि घमेली दिली जातात. जर्मन कंपनी बर्लिनपासून बगदादपर्यंत रेल्वे नेऊ पाहते आहे आणि मधला टप्पा अजून उघडा पडला आहे. तुम्ही भराव घालता, खडी फोडता, रूळ उचलता. तुर्की सरकारने आर्मेनियन लोकांना वाळवंटात हाकून आणलं आणि त्यांच्या कत्तली झाल्या, त्यांतल्या हजारो हत्या याच गावाच्या परिसरात झाल्या, आणि त्या खुणा कैद्यांना जागोजाग भेटतात. बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्बाधिकारी हा असाच एक कैदी. त्याने चोरून ठेवलेल्या टिपणांवरून पुढे १९५७ साली बंगालीत 'अभि ले बगदाद' हे पुस्तक काढलं. मराठी शिपायांकडून असं पुस्तक आपल्याला मिळालं नाही. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना परतल्यावर कुणी विचारलं नाही.

हाताची कातडी सोललेली आहे. तरी त्या रुळाला एकदा हात लावा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

पुढची काही वर्षं भराभर जातात. १९१७च्या मार्चमध्ये ब्रिटिश फौज, तिच्यात पुन्हा मोठ्या संख्येने हिंदी शिपाई, बगदाद घेते. जनरल मॉडच्या नावाने जाहीरनामा निघतो: आमच्या फौजा जेते म्हणून आलेल्या नाहीत, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. मसुदा त्याच सायक्सचा. त्याच वर्षाअखेरीस रशियात क्रांती होते, बोल्शेविक सरकार झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकतं आणि अरबांना कळतं की आपल्या जमिनीची वाटणी आधीच झालेली आहे. एका देशातल्या क्रांतीने दुसऱ्या प्रदेशाच्या मनात कायमचा संशय पेरला. आजही अरब जगात कुठली योजना आली की 'यामागे नवा सायक्स-पिको' असं म्हटलं जातं, त्याचा उगम त्या छापलेल्या कागदांत आहे.

१९२०च्या रमजानात मात्र जरा रेंगाळा. बगदादमधली हैदरखाना मशीद. आत पाय ठेवायला जागा नाही. इराकवर ब्रिटिशांचा 'मँडेट', म्हणजे कारभाराचा अधिकार, लादला गेल्याची बातमी आली आहे आणि लोक संतापले आहेत. तुमच्या एका खांद्याला शिया माणसाचा खांदा लागला आहे, दुसऱ्याला सुन्नी माणसाचा. आज शिया मशिदीत दोघे जमतात, उद्या सुन्नी मशिदीत. प्रेषितांची जन्मकथाही वाचली जाते आणि करबलाचा शोकही होतो. जूनच्या अखेरीस दक्षिणेत रुमैथाला बंडाचा भडका उडतो आणि फुरात नदीच्या काठाने तो पसरत जातो. ब्रिटिश पुन्हा हिंदुस्थानातून पलटणी मागवतात, विमानांतून गावांवर बाँब टाकतात. ऑगस्टमध्ये फलुजाच्या वाटेवर झोबा टोळीचा प्रमुख शेख धारी याच्या माणसांकडून ब्रिटिश अधिकारी कर्नल लीचमन मारला जातो. बंड मोडेपर्यंत सुमारे ६,००० इराकी मरतात.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं. इराकचा विषय निघाला की आपल्याकडेही लोक सहज म्हणून टाकतात, 'तिथलं शिया-सुन्नी वैर चौदाशे वर्षांचं आहे, ते कधीच मिटणार नाही.' या मशिदीत तुम्ही उभे आहात. मतभेद जुने आहेत, खरं आहे. पण जुना मतभेद आणि एकमेकांच्या वस्त्यांत स्फोटकं भरलेल्या गाड्या सोडणं यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर तुटलं कसं, हे साल-तारखेनिशी सांगता येतं.

बंडाचा खर्च लंडनला परवडला नाही. म्हणून १९२१च्या मार्चमध्ये कैरोच्या सेमिरामिस हॉटेलात वसाहतमंत्री चर्चिल, बगदादमधले ब्रिटिश अधिकारी पर्सी कॉक्स व गर्ट्रूड बेल आणि तोच लॉरेन्स बसतात आणि स्वस्तातली तोड काढतात. फ्रेंचांनी दमास्कसमधून हाकललेला शरीफ हुसेनचा मुलगा फैसल इराकचा राजा होईल. बंदोबस्त विमानं करतील. २३ ऑगस्टला बगदादमध्ये भल्या सकाळी राज्याभिषेक होतो. देशाला स्वतःचं राष्ट्रगीत नाही, म्हणून बँड ब्रिटनच्या राजाचं गीत वाजवतो. नवं सरकार आणि फौज तुर्की काळातल्या सुन्नी अधिकाऱ्यांच्या हाती जाते. बंडात पुढे असलेले दक्षिणेचे शिया बाजूला राहतात. उत्तरेच्या कुर्दांना १९२०च्या सेव्ह्र तहात स्वतंत्र देशाची आशा दाखवलेली असते. १९२३च्या लोझानच्या तहात कुर्दांच्या देशाचा उल्लेखही उरत नाही, आणि पुढे मोसुल प्रांत तेलासकट इराकला जोडला जातो. १९२२ साली कॉक्स उकैरच्या तंबूत लाल पेन्सिलीने नज्द (आजच्या सौदी अरेबियाचा भाग) आणि इराक यांच्यामधली रेघ ओढतो, कुवेतच्याही हद्दी आखतो, आणि इराकच्या वाट्याला समुद्र बोटभर येतो. १९९० साली सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये शिरतात तेव्हा ही तक्रार त्याच्या तोंडी असते.

याचा अर्थ सगळा दोष रेघा ओढणाऱ्यांचा, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की सद्दाम सुटतो. १९८८ साली हलब्जावर विषारी वायू सोडून सुमारे ५,००० कुर्द माणसं मारण्याचा हुकूम सायक्सने दिला नव्हता. १४ जुलै १९५८च्या क्रांतीत फैसलच्या नातवाला वाड्याच्या अंगणात गोळ्या घातल्या, त्या इराकी अधिकाऱ्यांनी. पण दर क्रांतीने एक घडी मोडली आणि फौजेच्या जोरावर दुसरी बसवली, ही रीत इराकी फौजेने आपल्या जन्मापासून शिकली होती. ती फौज उभी राहिली १९२१ साली, देशाच्या आधी.

मे २००३. बगदादमध्ये पुन्हा परकी फौज आहे, पुन्हा मुक्तीची भाषा आहे. १६ मे रोजी, सायक्स-पिको करारानंतर बरोबर ८७ वर्षांनी, अमेरिकेचा प्रशासक पॉल ब्रेमर सद्दामच्या बाथ पक्षाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा हुकूम काढतो. आठवड्याने दुसरा हुकूम निघतो आणि फौजच बरखास्त होते. तुम्ही एका बरखास्त शिपायाशेजारी रांगेत उभे राहा. पगार बंद, पेन्शनचं ठाऊक नाही, घरात बंदूक आहे. तो चिडून बोलतो आहे आणि तुम्हाला त्याची भाषा येत नसली तरी ११ रुपयांच्या शिपायाला त्याचं दुखणं कळतं. अशांतले काही पुढे बंडखोरांत जातात, काही अधिकारी आयसिस या दहशतवादी संघटनेच्या वरच्या फळीत.

त्या वर्षी उभ्या राहिलेल्या एका सशस्त्र गटाने स्वतःचं नाव ठेवलं 'विसाच्या क्रांतीच्या तुकड्या'. वीस म्हणजे १९२०. अमेरिकेच्या ताब्याला विरोध करणाऱ्या सुन्नी उलेमांच्या संघटनेचे प्रमुख होते हारिस अल-धारी. ज्या शेख धारीच्या माणसांनी लीचमनला मारलं, त्याचे हे नातू. वॉशिंग्टनमधल्या आखणीकारांना १९२० हे साल इतिहासाच्या पुस्तकातलं वाटत होतं. फलुजात ते आजोबांच्या गोष्टीतलं होतं. २००४ साली फलुजात अमेरिकन फौजेशी ज्या लढाया झाल्या त्यांकडे नुसतं दहशतवाद म्हणून पाहणाऱ्यांना तिथला राग कधी समजला नाही, आणि न समजलेल्या रागाची किंमत दोन्ही बाजूंच्या माणसांनी दिली.

जून २०१४ मध्ये मोसुल आयसिसच्या हाती जातं. इराक आणि सीरिया यांच्या हद्दीवरचा मातीचा बांध बुलडोझरने फोडला जातो. चित्रफीत जगभर फिरते, तिचं नाव 'सायक्स-पिकोचा शेवट'. आता नकाशा नीट पाहा. तो बांध सायक्सच्या रेघेवर नाहीच. त्या करारात मोसुल फ्रेंचांच्या बाजूला होतं. आजची सरहद्द नंतरच्या सौद्यांतून आली आहे. पण विश्वासघाताची आठवण नकाशाची बारकी तपासणी करत नाही, आणि आयसिसने त्या आठवणीचाच वापर केला. याझिदी या अल्पसंख्य पंथाच्या बायकांना बाजारात विकणाऱ्यांनी स्वतःला साम्राज्याविरुद्ध लढणारे म्हणवून घेतलं. भूतकाळातला खरा अन्याय असा चुकीच्या हातात सापडतो तेव्हा तो नव्या अन्यायाचं हत्यार होतो, आणि म्हणूनच तो अन्याय आधीच कबूल करून त्याचा हिशेब चुकता करणं गरजेचं असतं.

आणि आता तो रूळ. ९ ऑक्टोबर २०१९. सीरियातल्या रास अल-ऐनवर तुर्की विमानं आणि तोफा आग ओकत आहेत. अमेरिकन सैनिक मागे हटले आहेत आणि आयसिसशी लढताना पुढे असलेले कुर्द उघडे पडले आहेत. दवाखान्याच्या दारात रक्ताळलेली माणसं येत आहेत, बायका पोरांना काखेत घेऊन दक्षिणेकडे धावत आहेत. उत्तरेला हाकेच्या अंतरावर तुर्कस्तानातलं जेलानपिनार गाव आहे. एकेकाळी हे दोन्ही मिळून एकच गाव होतं. ते दोन झालं १९२१ साली, जेव्हा फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी अंकारात करार केला आणि सरहद्द कुठून न्यायची याचं सोपं उत्तर शोधलं: नुसैबिनपर्यंत रेल्वे जाते, तिच्याच कडेने. त्या दिवसापासून रुळांच्या एका बाजूचा भाऊ तुर्की झाला, दुसऱ्या बाजूचा सीरियन. पुढे तिथे काटेरी तारा आल्या, सुरुंग आले, भिंत आली.

ज्या रुळांनी ही सरहद्द ठरवली, त्यांचा रास अल-ऐनपासून पुढचा टप्पा ज्यांनी घातला त्यांत कूतचे हिंदी कैदी होते. त्यांना कुणी सांगितलं नाही की आपण दोन देशांमधली हद्द घालतो आहोत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या पोरांच्या घामाचा अंश त्या भरावात आहे, आणि म्हणून रास अल-ऐनची बातमी आपल्याला परकी म्हणता येत नाही.

त्या पोरांची नावं शोधायला गेलात तर बसऱ्याला जावं लागेल. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या ४०,०००हून अधिक जणांचं स्मारक तिथे उभारलं गेलं. १९९७ साली सद्दामच्या हुकमाने ते उचलून वाळवंटात, आखाती युद्धाच्या रणभूमीवर नेलं गेलं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक आकडे लिहिले. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात हा भेदभाव कबूल केला.

आपल्या गावांतही तसंच आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात कितीतरी ठिकाणी एक दगडी पाटी असते. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेली, इतकी परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर असतं. तुमच्या गावात ती असेल तर या सुट्टीत तिच्यापाशी जा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुणाचा कोण गेला होता, पलटण कोणती, बसऱ्याला गेला की कूतला, परतला की नाही. जुन्या पेटीत बिल्ला असेल, पेन्शनचा कागद असेल, तो फेकू नका. जे नाव मिळेल ते लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीला ते पाटीखाली कोरायला लावा.